थंडी, चहा आणि बंगाली नाटकं

कोलकात्यात थंडी पडली ना की मी आधी नाटकांच्या तारखा बघते. नांदीकार या इथल्या नाट्यसंस्थेचा नाट्यमहोत्सव १९८४ पासून चालू आहे, डिसेंबरात असतो, आणि यंदा पण जमेल तेवढे प्रयोग बघणारच. रवींद्र सदन मेट्रोला उतरायचं, अ‍ॅकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सच्या नाट्यगृहापर्यंत चालत जायचं, बाहेर मातीच्या भांडात चहा घ्यायचा, भांड इतकं तापलेलं असतं की ओढणीत धरावं लागतं, तेवढ्यात घंटा होते आणि सगळे आत पळतात!

आपल्या तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बहुरूपी या इथल्या नाट्यसंस्थेने बंगालीत केलं होतं, ते दिग्दर्शक शंभू मित्रांनी बसवलेलं, हे इथे आल्यावर कळलं तेव्हा अंगावर काटा आला. मला बंगाली अर्धीमुर्धीच कळते, तरी बघते; तुम्हीही या, तिकीट आधीच काढा.