फेब्रुवारीत तीनशे का कापले?

भोसरीच्या आमच्या कंपनीत इंट्रानेटवरचं, म्हणजे कंपनीच्या आतल्या वेबसाइटवरचं, एचआरचं पान मी सांभाळते. ते इतकं लांबलं होतं की शेवटापर्यंत जाताना बोट दुखायचं. म्हणून डिसेंबरात सगळा मजकूर मिटत्या कप्प्यांत घातला. हेडिंगवर क्लिक केलं की उघडणार, पुन्हा केलं की मिटणार. पान एका स्क्रीनवर मावलं. मी खूश.

फेब्रुवारीचा पगार झाला आणि फोन सुरू. "मॅडम, दोनशेचे तीनशे कसे कापले?" महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हे पानावर होतं की! 'वैधानिक कपाती' या कप्प्यात. आमच्या सासूबाईंचे स्टीलचे डबे सगळे सारखे. कशात काय ते त्यांना बरोबर ठाऊक, मला मात्र रव्यासाठी चार झाकणं उघडावी लागतात. ऑफिसात मीच सासूबाई झाले होते.

काहींनी पानावर शब्द शोधायचं कंट्रोल-एफ दाबूनही शोधलं होतं. सापडेना. आयटीतल्या मुलाने कारण सांगितलं. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, 'डीटेल्स' आणि 'समरी' हे टॅग (खुणेचे शब्द) असे मिटते कप्पे करण्यासाठीच आहेत. ते वापरले तर क्रोम ब्राउझर ९७ व्या आवृत्तीपासून शोधताना मिटलेला कप्पा आपोआप उघडतं. आमचे कप्पे जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने लपवलेले, त्यामुळे शोधणाऱ्याला आत काही नाहीच.

त्याहून वाईट म्हणजे शॉपफ्लोअरवरच्या एका काकांनी नोटीस बोर्डासाठी रजेच्या नियमांची प्रिंट काढली. आली फक्त सात हेडिंगं. त्यांनी ती तशीच लावली. दोन दिवस कागद बोर्डावर होता आणि कुणी अवाक्षर काढलं नाही! हे मला जास्त लागलं.

मग फोनवर लोक जे बोलतात तेच हेडिंगात घातलं. 'फेब्रुवारीत ३०० का कापले?' 'बाळंतपणाची रजा किती? २६ आठवडे.' आधीची दोन मुलं असतील तर १२, हा तपशील आत. सुट्ट्यांची यादी उघडीच ठेवली; गणपतीची सुट्टी बघायला कुणी क्लिक का करावं? कप्पे नव्या टॅगांत बसवले, आणि प्रिंटसाठी वर 'सगळं उघडा' हे बटण.

'इतर' नावाचा एक कप्पा मात्र साहेबांनी हटू दिलेला नाही. निगडीच्या बसची वेळ त्यात आहे. संध्याकाळी लोक ती गेटवरच्या वॉचमनला विचारतात.