चौथ्या जागी आडवी रेघ

फोंडा तालुक्यातील एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरचा सर्व्हर अद्ययावत करायला मी मार्चमध्ये गेलो होतो. डेबियन ही लिनक्स प्रणाली ११ वरून १२ वर न्यायची, एवढेच काम होते आणि ‘सर, जेवायच्या वेळेपर्यंत आटपेल’ असे आदल्या रात्री मी फोनवर सांगूनही टाकले होते. सरांनी तीस वर्षे जत्रांतील नाटकांचे चित्रीकरण केले. कॅसेटींना बुरशी धरू लागली तेव्हा त्यांनी सगळे संगणकावर उतरवून घेतले आणि कॅसेटी टाकून दिल्या. त्यामुळे देवळाच्या मांडवात झालेल्या त्या प्रयोगांची एकुलती एक प्रत आता पुस्तकांच्या कपाटाखालच्या काळ्या डब्यात, चार टेराबाइटच्या चार डिस्कवर आहे.

‘एकुलती एक’ हे सरांना मान्य नव्हते. ‘‘अरे, चार डिस्क घेतल्या त्या कशाला मग?’’ रेड-५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा करण्याच्या या पद्धतीत, एक डिस्क गेली तरी उरलेल्या तीनवरून तिच्यातला मजकूर हिशेबाने काढता येतो, हे खरे. पण त्यालाच ‘बॅकअप’ म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे लोक आमच्याच धंद्यात आहेत आणि हा डबा जुळवून देणारा त्यांपैकीच एक होता.

अपडेटला हात घालण्याआधी मी एमडीस्टॅट ही फाइल उघडून डिस्कच्या एकत्र जुळवणीची, म्हणजे अ‍ॅरेची स्थिती पाहतो. सगळे ठीक असेल तर चौकोनी कंसात प्रत्येक चालू डिस्कमागे एक असे चार यू दिसतात. येथे तीन यू होते आणि चौथ्या जागी आडवी रेघ. एकेका डिस्कवरची नोंद वाचली, तेव्हा तिघींचा इव्हेंट आकडा, म्हणजे जुळवणीतल्या बदलांची मोजणी, जुळला. चौथीचा बराच मागे राहिला होता आणि तिच्यावरची शेवटची वेळ १४ जुलैच्या पहाटेची होती. म्हणजे आठ महिने हा अ‍ॅरे तीन पायांवर उभा होता. सूचनेचा मेल गेला नव्हता असे नाही. तो रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, स्थानिक टपालपेटीत जाऊन पडला होता, आणि ती पेटी कोणी कधी उघडलीच नव्हती.

गंमत अशी की, चौथी डिस्क धडधाकट होती. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या, अहवालात खराब सेक्टर (साठवणीचे कप्पे) शून्य, पण सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत मजकूर बिघडल्याचा, आकडा हजारांत. म्हणजे दोष केबलचा. ती केबल खिटी नसलेली, स्वस्तातली होती आणि सॉकेटमध्ये तिरकी झाली होती. केबल बदलून डिस्क परत अ‍ॅरेत घालण्याचा मोह मला झाला. मात्र तिच्यावरचा मजकूर नव्याने भरताना, म्हणजे पुनर्बांधणीत, उरलेल्या तिन्ही डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात आणि त्यांतली एखादी अडखळली तर सगळेच अडचणीत येते. म्हणून अपडेट बाजूला ठेवून सरांकडून मडगावहून आठ टेराबाइटची बाहेरची डिस्क मागवली आणि आधी नक्कल सुरू केली. सहा टेराबाइटला सतरा तास लागले. पहाटे एका नाटकाची फाइल मध्येच थांबली. दुसऱ्या डिस्कवर काही सेक्टर वाचले जात नव्हते.

यापुढचे काम मला आवडते. चौथी डिस्क जुलैपासून गोठलेली होती. पण ते नाटक त्याच्या कितीतरी आधी उतरवलेले होते आणि त्याच्या जागेवर नंतर काही लिहिले गेले नसणार, म्हणजे तेवढ्या भागापुरती ती शिळी डिस्क ताजीच होती. दुसरी वगळून पहिली, तिसरी आणि चौथी यांवर अ‍ॅरे जबरीने जुळवला, तर फाइल निघायला हवी होती. असे जुळवताना जुळवणीचा प्रोग्रॅम एमडीअ‍ॅडम डिस्कवरच्या नोंदी बदलतो, म्हणून तिन्ही डिस्कवर ओव्हरले चढवले. भिंतीवर न लिहिता भिंतीला लावलेल्या पारदर्शक कागदावर लिहावे, तसे हे असते: वाचन डिस्कवरून होते, लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि शेवटी कागद फाडून टाकायचा. अशा वेळी घाबरून ‘क्रिएट’ची आज्ञा देणारे आणि जुन्या अ‍ॅरेवर नवा अ‍ॅरे मांडून बसणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. जुळलेला अ‍ॅरे मी जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) न चालवता, केवळ वाचण्यापुरता माउंट केला, म्हणजे फाइली दिसतील असा जोडला, आणि ती फाइल पूर्ण उतरली.

ती अक्षरशः जशीच्या तशी आहे का, हे मला सिद्ध करता येत नाही. रेड-५ जवळ पडताळणीची बेरीज नसते आणि जुन्या फाइलींची कोणी करून ठेवली नव्हती. सरांनी ते नाटक पहिल्या अंकापासून शेवटच्या पडद्यापर्यंत पाहिले आणि कुठेही खोट नाही म्हणाले.

उरलेले काम सरळ होते. दुसरी डिस्क बदलून रेड-६ चा, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी चालणारा, अ‍ॅरे नव्याने मांडला, नक्कल परत भरली, प्रत्येक डिस्कवर अनुक्रमांकाची चिठ्ठी लावली आणि चारही डिस्कच्या केबली काढून ठेवूनच सिस्टिमच्या वेगळ्या डिस्कवर डेबियन १२ चढवले, कारण जी डिस्क जोडलेलीच नाही ती इन्स्टॉलरच्या किंवा माझ्या चुकीने पुसली जात नाही. परत जोडल्यावर अ‍ॅरे एमडी१२७ या आपोआप मिळणाऱ्या नावाने उभा राहिला. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, त्याची ओळ नव्हती, त्यामुळे हे अपेक्षितच होते. ओळ घातली, इनिट्रॅमएफएस (सर्व्हर सुरू होताना आधी लागणारी छोटी व्यवस्था) पुन्हा बांधले. एफएसटॅब या जोडणीच्या यादीत नावाऐवजी यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहिलेला असल्याने माउंटला धक्का लागला नाही.

निघताना सरांनी डायरी काढली. १४ जुलैला काय झाले होते, ते त्यांना पाहायचे होते. ‘रात्री वादळ. वीज दोनदा गेली.’ पाने उलटत ते ऑगस्टपर्यंत आले आणि तेथे माझे नाव होते: यूपीएस बसवला. ‘‘बघ, तू तो बसवलास म्हणून पुढे काही बिघडलं नाही,’’ सर म्हणाले. त्या दिवशी वीज गेल्यावर सर्व्हर आपोआप बंद व्हावा, म्हणून मी याच सर्व्हरवर लॉगिन करून तासभर काम केले होते. एमडीस्टॅट तेव्हाही तेथेच होते आणि मी ते उघडले नव्हते. काकींनी दिलेले कोकम सरबत मी संपवले, बिलातून येण्याजाण्याचा खर्च वगळला आणि निघालो. सरांना ते अजून सांगितलेले नाही.