एकच धनी, काळाकाळाचा कारभार

शाळेच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर मला सर्वांत आधी आठवतो तो पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या तासाला एका वर्गमैत्रिणीने विचारलेला प्रश्न. ज्या देवाने मोशेच्या हातून यज्ञपशूंचे, शुद्धाशुद्ध अन्नाचे आणि शब्बाथाचे म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिवसाचे इतके तपशीलवार नियम दिले, त्याच देवाने पुढे येशूच्या प्रेषितांना त्यांतले कितीतरी नियम बाजूला कसे ठेवू दिले? देवाचे मन बदलले का? आमच्या सरांनी ‘देवाची इच्छा’ एवढे म्हणून तो प्रश्न मिटवला नाही. अभ्यासक्रम सांभाळून ते वर्षभर त्याचे उत्तर ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या इतिहासातून उलगडत राहिले, आणि मी पुढे ईश्वरविज्ञानाकडे वळले ती त्या उत्तरामुळेच.

सरांनी सुरुवात केली ती मार्कियोनपासून. दुसऱ्या शतकातल्या या माणसाने सर्वांत सोपा तोडगा काढला होता: देवच दोन मानायचे, जुन्या कराराचा कठोर न्यायी देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. रोममधील मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास त्याला बहिष्कृत केले. पण बहिष्काराने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते देण्याचा प्रयत्न लिऑनचा बिशप इरेनियस याने केला. आदाम, नोहा, मोशे आणि अखेरीस ख्रिस्त अशा चार करारांतून एकच देव मानवजातीला टप्प्याटप्प्याने वाढवत नेतो, असे त्याने मांडले. इतिहासाचे कालखंड पाडण्याची ही विद्या भविष्य वर्तवण्याच्या हौसेतून जन्मली, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक देव एकच आहे हा विश्वास राखण्यासाठी तिची गरज भासली होती, आणि सरांनी हे आम्हाला आधी शिकवले याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

इरेनियसच्याही आधी प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नियमशास्त्राला, म्हणजे मोशेच्या नियमांना, बालरक्षक म्हटले आहे. ग्रीक-रोमन घरांत मुलाला शाळेत नेणारा, त्याला वळण लावणारा आणि वेळी शिक्षाही करणारा एक दास असे. मुलगा वयात आला की त्याचे काम संपे. त्या दासाला पौल वाईट ठरवत नाही, आणि मुलाचा पिता बदलला असेही म्हणत नाही. अधिकार खरा होता, मात्र त्याला मुदत होती. काळाची पूर्णता झाल्यावर देवाने पुत्राला पाठवले, हे त्याच पत्रातले पुढचे विधान या मांडणीशिवाय नीट समजत नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याने केलेली युगांची विभागणी मला आजही सर्वांत प्रगल्भ वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानात दिलेल्या येशूच्या वंशावळीत अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा आहेत. त्यांच्या आधी आदाम ते नोहा आणि नोहा ते अब्राहाम हे दोन कालखंड धरून त्याने पाच युगे मोजली. सहावे युग ख्रिस्ताच्या आगमनापासून जगाच्या अंतापर्यंतचे, आणि ते किती वर्षांचे हे सांगण्यास त्याने ठाम नकार दिला. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा अनेकांना जगच बुडाल्यासारखे वाटले, तरी ऑगस्टीनच्या हिशेबात रोमच्या पतनाने नवे युग सुरू होत नाही, तसेच सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ख्रिस्ती होण्यानेही होत नाही. साम्राज्यांच्या चढउताराला देवाच्या कारभाराचा टप्पा मानायचे नाही, ही शिस्त त्याच्यानंतर फार थोड्यांनी पाळली.

योआकिमला ती पाळता आली नाही. फिओरेचा हा बाराव्या शतकातला मठाधिपती अतिशय निष्ठावान होता, आणि पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे अशी तीन युगे मानणारी त्याची दृष्टी भव्य आहे. परंतु बेचाळीस पिढ्या, प्रत्येकी तीस वर्षे, या गणिताने पुढे १२६० हे साल तिसऱ्या युगाच्या आरंभाचे मानले गेले. १२५४ मध्ये जेरार्ड नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने योआकिमचे ग्रंथ दोन्ही करारांची जागा घेतील असे लिहिले, दुसऱ्याच वर्षी पोपच्या आयोगाने त्याचे लेखन निषिद्ध ठरवले आणि त्याला बंदिवास भोगावा लागला. आपण शेवटच्या युगाच्या उंबरठ्यावर उभे आहोत असे ज्याला वाटू लागते, त्याला मागचे सारे कालबाह्य दिसू लागते.

सात युगांची जी मांडणी आज अनेक मंडळ्यांत शिकवली जाते, ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाच्या शिकवणीतून पुढे आली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफील्डच्या सटीप बायबलमुळे दूरवर पोहोचली. निष्पापता, विवेकबुद्धी, मानवी शासन, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य ही ती सात युगे होत. प्रत्येक युगात देव माणसावर एक जबाबदारी सोपवतो, तिच्यात त्याची परीक्षा होते, माणूस अपयशी ठरतो आणि न्याय येतो: एदेन बागेतून हकालपट्टी, जलप्रलय, बाबेलच्या बुरुजापाशी पांगापांग, मिसरातील दास्य. या मांडणीचे खरे बळ मला येथे दिसते. नुसता विवेक पुरेसा आहे, किंवा चांगले शासन पुरेसे आहे, किंवा लिखित कायदा पुरेसा आहे, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवून देते की तो प्रयोग होऊन गेला आहे. परिस्थिती वेगळी असती तर मी देवाचे ऐकले असते, ही सबब माणसाला उरत नाही.

तरीही तिचे दोन निष्कर्ष मला मान्य करता येत नाहीत. येशूचे डोंगरावरील प्रवचन मुख्यतः येणाऱ्या राज्याला लागू आहे, असे स्कोफील्डची टीप म्हणते. तिने त्यातला नैतिक बोध ख्रिस्ती माणसासाठी राखला असला, तरी प्रभूने शिष्यांना समोर बसवून सांगितलेले शब्द असे पुढच्या युगाच्या नावावर जमा करणे मला पटत नाही. दुसरे अधिक गंभीर आहे. नियमशास्त्राच्या युगात आज्ञापालन ही तारणाची, म्हणजे पापापासून मुक्तीची अट होती, असा अर्थ निघेल अशी भाषा त्या टिपांत होती. टीकाकारांनी यावर वारंवार बोट ठेवले आणि १९६७ च्या सुधारित आवृत्तीत हा मुद्दा स्पष्ट करण्यात आला. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने (प्रॉटेस्टंट श्रद्धेच्या अधिकृत मांडणीने) सतराव्या शतकातच म्हटले होते की कृपेचा करार एकच असून नियमशास्त्राच्या काळी त्याचा कारभार एका रीतीने आणि सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्तानंतरच्या, काळी दुसऱ्या रीतीने चालतो. मी याच बाजूची आहे, आणि याला आधार पौलाचाच आहे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो विश्वासाने नीतिमान ठरलेल्या अब्राहामाचे उदाहरण देतो आणि त्याला लागूनच दावीदाचे. एक अभिवचनाच्या युगातला, दुसरा नियमशास्त्राच्या; तारणाची वाट मात्र दोघांची एकच.

सरांनी आम्हाला नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातल्या नावांपुढे ज्याचे त्याचे युग लिहायला लावले होते. हाबेल, नोहा, अब्राहाम, मोशे, राहाब: युगे बदलत जातात, पण प्रत्येक नावाआधी ‘विश्वासाने’ हाच शब्द येतो. त्या अध्यायाच्या शेवटी लेखक म्हणतो की वचनाची पूर्ती या सर्वांनी पाहिली नाही, कारण आपल्यावाचून ते पूर्ण होऊ नयेत असे देवाने योजले होते. म्हणजे आधीच्या युगांतली माणसे नंतरच्या युगाची पायरी म्हणून वापरून सोडून दिलेली नाहीत. त्यांचे पूर्णत्व आपल्या पूर्णत्वासाठी थांबवून ठेवले आहे.