पावसाळ्यात फुगणारा प्रोग्रॅम

आमच्या एका ग्राहकाचा सर्व्हर जूनच्या मध्यापासून रात्री-अपरात्री पडायला लागला. प्रोग्रॅमचं काम तसं सरळ. गोव्यात मांडवी नदीतून खनिज घेऊन मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या बार्जवर जीपीएस यंत्रं बसवलेली आहेत. त्यांच्याकडून सतत येणाऱ्या नोंदी घ्यायच्या, प्रत्येक फेरीचा मार्ग आणि वेळ साठवायचा आणि कुठला बार्ज आत्ता कुठे आहे ते पडद्यावर दाखवायचं. सगळं पायथनमध्ये लिहिलेलं. आधीच्या ऑक्टोबरात बसवला तेव्हापासून मे संपेपर्यंत त्यानं हूं की चूं केलं नव्हतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. लिनक्सच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ होती आणि पुढे आमच्याच प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक. मेमरी संपत आली की कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस निवडून मारतो, आणि प्रोग्रॅम चालू ठेवायची जबाबदारी असलेलं सिस्टिमडी ती पुन्हा उभी करतं. तास-दोन तास सगळं सुरळीत, मग मेमरी पुन्हा चढायला लागायची.

पर्वरीच्या ऑफिसात पहिली सूचना आली ती रोज पहाटे क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावून प्रोग्रॅम रिस्टार्ट करायची. मी त्याला स्पष्ट नकार दिला. रिस्टार्टनं मेमरी मोकळी होते, पण नदीत असलेल्या बार्जच्या अर्धवट फेऱ्यांचा हिशोबही पुसला जातो. शिवाय आठ महिने चोख चाललेली गोष्ट अचानक बिघडते तेव्हा बाहेर काहीतरी बदललेलं असतं, आणि ते काय हे कळायलाच हवं.

"पायथनमध्ये मेमरी लीक होतच नाही" असं आमच्याकडे बरेच जण म्हणतात. लीक किंवा गळती म्हणजे काम संपलं तरी मेमरी मोकळी न होणं. यात थोडं तथ्य आहे. सी भाषेत घेतलेली मेमरी परत करायची राहिली की ती गेलीच. पायथन मात्र मेमरीतल्या प्रत्येक वस्तूकडे (ऑब्जेक्टकडे) किती जण बोट दाखवतात हे मोजत असतो, आणि मोजणी शून्यावर आली की ती वस्तू तिथल्या तिथे काढून टाकतो. दोन वस्तू एकमेकींकडे बोट दाखवत अडकल्या तर मोजणी शून्यावर येत नाही. त्यासाठी २००० साली आलेल्या पायथन २.० पासून वेगळा गार्बेज कलेक्टर, म्हणजे अशा अडकलेल्या वस्तू शोधून काढणारी यंत्रणा, आहे. पर्लमध्ये अशी चक्रं शोधणारं काही नाही, तिथे एक दुवा आपणच 'दुबळा', म्हणजे मोजणीत न धरला जाणारा, करावा लागतो. पीएचपीला ही सोय २००९ साली ५.३ मध्ये मिळाली. पण ज्या वस्तूकडे कुणीतरी चालू प्रोग्रॅममधून अजून बोट दाखवतंय, ती कुठलाच कलेक्टर काढत नाही, आणि काढूही नये. स्क्रिप्टिंग भाषांतली गळती बहुतेक वेळा याच जातीची असते. मेमरी हरवलेली नसते. कुणीतरी ती धरून बसलेलं असतं.

प्रोग्रॅमची एक प्रत वेगळ्या मशीनवर उभी केली आणि साठवलेल्या जीपीएस नोंदी वेगानं तिच्यात सोडल्या. चाचणीसाठी आमच्याकडे फेब्रुवारीची फाइल होती. ती अख्खी चालवली, मेमरीची रेघ सपाट. गार्बेज कलेक्टर हातानं चालवून बघितला, तरी फरक नाही. सहकारी म्हणाला, "लीक नाहीच, सर्व्हरमध्येच काहीतरी असणार." मग ग्राहकाकडून जूनच्या नोंदी मागवल्या. त्यात फेऱ्या फेब्रुवारीपेक्षा कमी होत्या, तरी मेमरी चढायला लागली. आणि ती सरळ रेषेत चढत नव्हती, रेघ वर वर वळत जात होती. हे महत्त्वाचं होतं. प्रत्येक नोंदीमागे ठरावीक मेमरी अडकत असती तर रेघ सरळ राहिली असती. वळते आहे म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीमागे होणारं काम स्वतःच वाढत चाललं आहे.

मग ट्रेसमॅलॉक लावलं. हे मॉड्यूल २०१४ पासून, म्हणजे ३.४ पासून पायथनबरोबरच येतं. मेमरीचा प्रत्येक तुकडा कोडच्या कुठल्या ओळीवर घेतला गेला याची ते नोंद ठेवतं. त्यानं प्रोग्रॅम मंदावतो आणि स्वतःची मेमरीही लागते, म्हणून ग्राहकाच्या सर्व्हरवर मी ते लावलं नाही. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. सुरू होताच मेमरीचं पहिलं चित्र घेतलं तर यादीत वरती इम्पोर्ट केलेली मॉड्यूलं आणि निरनिराळे कॅशे (पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवलेला डेटा) दिसतात, कारण ते एकदा भरेपर्यंत वाढतातच. म्हणून प्रोग्रॅम आधी काही वेळ तापू द्यायचा, मग पहिलं चित्र, बराच वेळानं दुसरं, आणि दोघांची तुलना. तशी केली आणि एकच ओळ इतरांच्या कितीतरी पुढे निघाली. आलेल्या जीपीएस नोंदीवरून फेरीसाठी नवा बिंदू तयार होतो, ती ओळ.

ट्रेसमॅलॉक वस्तू कुठे जन्मली ते सांगतं, तिला कोण धरून आहे ते सांगत नाही. त्यासाठी वस्तूंमधले दुवे चित्रात दाखवणारं ऑब्जग्राफ वापरलं. एक बिंदू पकडला आणि त्याच्याकडे येणारे बाण उलटे काढले. बिंदू एका यादीत, यादी एका फेरीत, फेरी 'चालू फेऱ्या' नावाच्या डिक्शनरीत (नावानुसार वस्तू ठेवायची पायथनची सोय). डिक्शनरी उघडून बघितली तर एकेका बार्जच्या नावावर ढीगभर फेऱ्या, सगळ्या 'चालू'. एक बार्ज एका वेळी एकाच फेरीवर असू शकतो! आणि कोड असा होता, की नोंद आली की त्या बार्जच्या प्रत्येक चालू फेरीत ती भरायची, दर फेरीला स्वतंत्र बिंदू करून. रेघ वळायचं कारण हेच.

पण फेऱ्या बंद का होत नव्हत्या? अडकलेल्यांतली एक नकाशावर काढली. आमोण्याच्या धक्क्यावरून ठिपके मांडवीतून खाली आले आणि पणजीच्या बऱ्याच आधी दक्षिणेकडे वळले. दुसरी काढली, तीही तशीच. वाटलं यंत्रंच चुकतायत.

ग्राहकाच्या कंट्रोल रूममध्ये एक काका बसतात, आयुष्यभर बार्जवर काम केलेले. लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवून नकाशा पाहिला आणि म्हणाले, "बाय, पावसात आग्वादच्या बारावर बार्ज कोण घालणार? रेती साचलेली, वर लाटा फुटतात. कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं आणि मग मुरगाव. मगरी बघत जायचं."

बार म्हणजे नदीच्या मुखाशी साचलेला रेतीचा उंचवटा. मांडवी आणि जुवारी या नद्या जोडणारा हा कालवा मगरींसाठी पर्यटकांनाही माहीत आहे. प्रोग्रॅमला मात्र ठाऊक नव्हता. त्यात फेरीच्या पायऱ्या क्रमानं लिहिलेल्या होत्या: धक्का सोडला, आग्वादचा बार ओलांडला, मुरगावला पोचला. मधली पायरी झाली नाही की शेवटची मोजायचीच नाही. कोरड्या दिवसांत हे अचूक चालत होतं. पाऊस लागल्यावर कालव्यातून गेलेली एकही फेरी बंद होईना. पडद्यावर प्रत्येक बार्जची फक्त शेवटची फेरी दिसायची आणि बिलं धक्क्यावरच्या वजनाच्या पावत्यांवरून निघायची, त्यामुळे कुणाच्या नजरेत आलं नाही.

दुबळे दुवे वापरावेत असं एकानं सुचवलं. मला ते इथे पटलं नाही. 'चालू फेऱ्या' हीच फेरीची खरी मालक. तिचा दुवा दुबळा केला तर नदीत असलेली फेरीही हातातून जाईल. नियमच दुरुस्त करायचा होता. मुरगावला पोचलं की फेरी बंद, मार्ग कुठलाही असो. त्याच बार्जची नवी फेरी सुरू झाली तर जुनी 'अपूर्ण' म्हणून डेटाबेसमध्ये टाकायची आणि मेमरीतून काढायची.

चाचणी लिहायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला. प्रोसेसची एकूण मेमरी मोजून 'वाढली, नाही वाढली' ठरवणं भरवशाचं नाही. पायथन लहान वस्तूंसाठी मोठे पट्टे घेतो आणि पट्टा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तो सिस्टिमला परत जात नाही. त्यामुळे गळती थांबल्यावरही आकडा खाली येईलच असं नाही. म्हणून वस्तूच मोजल्या. चाचणीत एक फेरी सुरू होते, तिच्याकडे दुबळा दुवा ठेवला जातो, फेरी संपते, कलेक्टर चालतो, आणि दुव्यापलीकडे काही उरलं असेल तर चाचणी नापास. दुसऱ्या चाचणीत ऋतूंच्या दोन्ही फाइली पुन्हा पुन्हा चालतात. फाइली पहिल्या काही वेळा चालतात त्या तापण्यासाठी सोडून द्यायच्या आणि त्यापुढच्या वेळी फेरी-वस्तूंची संख्या वाढता कामा नये. पायथन बनवणारेही स्वतःच्या चाचण्यांत असंच करतात. आधी काही वेळा चालवून घेतात आणि नंतर संदर्भांची (वस्तूंकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांची) मोजणी वाढते का ते पाहतात.

दोन्ही चाचण्या आधी जुन्या कोडवर चालवल्या. पावसाळी फाइलवर पडल्या, फेब्रुवारीच्या फाइलवर पास झाल्या. नव्या कोडवर दोन्ही ऋतूंत पास. तेव्हाच तो सर्व्हरवर चढवला.

कालव्यातून गेलेल्या फेऱ्यांच्या मूळ नोंदी फाइलींत शाबूत होत्या. त्या नव्या कोडमधून पुन्हा चालवल्यावर जूनपासूनच्या फेऱ्या पहिल्यांदा अहवालात आल्या. काकांनी त्या छापून घेतल्या आणि कुठला बार्ज कालव्यात भरतीसाठी थांबला होता यावर पेनानं खुणा करायला बसले.