नाव नसलेल्या अकरा जागा

रविवार, रात्र

जेवण झाल्यापासून हेस या गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणींनी बनवलेला आकाशाचा नकाशा उघडून बसलोय. नामिबियातल्या १८०० मीटर उंचीच्या माळरानावर उभ्या असलेल्या तिच्या चार दुर्बिणींनी २००४ ते २०१३ या काळात आकाशगंगेचा मधला पट्टा अंधाऱ्या रात्रींत विंचरून काढला. कामाची निरीक्षणं जवळपास २७०० तासांची. त्यातून अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचे ७८ स्रोत सापडले.

मुळात हे किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत. वातावरणात शिरल्याशिरल्या कणांची सर कोसळते, निळसर प्रकाश चमकतो आणि काही नॅनोसेकंदांत विझतो. दुर्बिणी टिपतात ती ही चमक. त्यातही बहुतेक चमका वैश्विक किरणांतल्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांतल्या, प्रोटॉनच्या. त्यांची प्रतिमा विस्कटलेली, गॅमाची सडपातळ आणि नेटकी. एवढ्या खुणेवरून निवडायचं. ही निवड मला अजूनही अचाट वाटते.

आज सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो त्यातल्या जे१८२५-१३७ या स्रोतावर. एका पल्सारभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या वेगाने फिरणाऱ्या गाभ्याभोवती, पसरलेला हा प्रचंड ढग. कमी ऊर्जेचे गॅमा किरण पाहिले तर तो लांबवर दिसतो. ऊर्जा वाढवत नेली की आक्रसत पल्सारपाशी येतो. हे किरण तयार करणारे, पल्सारकडून निघालेले इलेक्ट्रॉन दूर जाता जाता ऊर्जा गमावतात, म्हणून कडेला उरतात ते जुने, थकलेले. म्हणजे या एका ठिपक्यात हजारो वर्षांचा हिशेब मांडून ठेवलाय! हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

७८ पैकी ३१ स्रोतांची ओळख पक्की पटली आहे: पल्सारभोवतीचे तेजोमेघ, अतिनवताऱ्यांचे (स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्यांचे) अवशेष, तीन जोडतारे. ३६ जणांबाबत कुणावर तरी संशय आहे. उरलेल्या ११ जागी मात्र इतर यादींमध्ये जुळेल असं काहीच मिळालं नाही. माझं मन तिथेच अडकतं. वैश्विक किरण विद्युतभारित असल्याने चुंबकीय क्षेत्रांत भरकटतात, त्यांचं घर मागे शोधता येत नाही. गॅमा किरण अशाच वेगवान कणांपासून निघतात, पण सरळ येतात. त्यामुळे त्या ११ जागी काहीतरी कणांना भयंकर वेग देतंय, हे नक्की. तिथे दुसरं काही दिसत नाही म्हणून त्यांना बाजूला ठेवणं मला पटत नाही.

चिलीत परानालजवळ नव्या, जास्त संवेदनशील दुर्बिणींचा ताफा उभा राहतोय. तो चालू झाला की त्याने आधी या अकरा जागांकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं. उद्या त्यांचे आकाशातल्या स्थानाचे निर्देशांक वहीत उतरवून घेणार आहे.