कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहून

स्वतः चाल लावलेलं एक गाणं बरेच दिवस मनात घोळत होतं. स्टुडिओचं भाडं परवडणारं नव्हतं, म्हणून जुन्या लॅपटॉपवर घरीच रेकॉर्ड करायचं ठरवलं. जमवलेले पैसे तीन वस्तूंत गेले: दोन इनपुटचा छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी), एक डायनॅमिक माइक (स्टेजवर गायक हातात धरतात त्या प्रकारचा) आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. सॉफ्टवेअरला काहीच लागलं नाही. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि गिटार अन् गळा एवढ्या दोन-चार ट्रॅकना, म्हणजे वेगवेगळ्या नोंदवलेल्या आवाजांना, ते पुरतं.

आधी गिटार वाजवून घेतली, मग ती ऐकत गायलो. गाताना सगळं तालात वाटलं, पण दोन्ही ट्रॅक एकत्र लावले तर गळा गिटारच्या मागे रेंगाळत होता. दोन दिवस मी माझ्याच तालाला दोष देत बसलो. खरं कारण लेटन्सी होतं. आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन नोंदवला जाईपर्यंत थोडा वेळ जातो, तो विलंब. मग मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीतल्या टिकटिकीचा, ट्रॅक तयार केला, हेडफोनची एक वाटी माइकला टेकवली आणि तीच टिकटिक पुन्हा रेकॉर्ड केली. झूम करून पाहिलं तर मूळ टिक आणि रेकॉर्ड झालेली टिक यांच्यात चक्क ४० मिलिसेकंदांचं अंतर! सेटिंग्जमध्ये लेटन्सीच्या भरपाईचा आकडा तेवढ्याने बदलला आणि गळा जागेवर आला. गाताना स्वतःचा आवाज थेट इंटरफेसमधून ऐकायचा, म्हणजे कानातही उशीर जाणवत नाही.

त्याहून मोठा त्रास खोलीचा. आवाज रिकाम्या डब्यात गायल्यासारखा यायचा. मला वाटलं, माइकच हलका आहे. नवीन घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात सहज टाळी वाजवली तर उघड्या भिंतींमधून झणझण परत आली. माइक समोरचा आवाज जास्त पकडतो, म्हणजे माझ्या पाठीमागच्या भिंतीवरून येणारा आवाज थेट त्याच्या तोंडात जात होता. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडली, त्याला पाठ करून उभा राहिलो, दोन्ही बाजूंना जाड रजया टांगल्या. त्याच माइकवर गळा एकदम जवळ आला. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात, त्याच्या नादी लागू नका. ते फार हलके असतात, आवाज शोषण्याच्या कामाचे नाहीत.

डायनॅमिक माइकला गेन, म्हणजे इंटरफेसवर आवाज वाढवण्याचं प्रमाण, बराच द्यावा लागतो आणि गेनबरोबर सूंऽऽ असा आवाजही वाढतो, म्हणून मी तोंड माइकपासून एका मुठीच्या अंतरावर आणलं. तिथे 'प' आणि 'फ' धपकन आदळायला लागले, तेव्हा माइक किंचित तिरका केला. इतक्या जवळून गळा जास्तच घुमतो, म्हणून अगदी खालच्या पट्टीतला, साधारण १०० हर्ट्‌झखालचा भाग नंतर कमी केला. रेकॉर्डिंग २४ बिटवर, सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास; शून्य ही इथली कमाल मर्यादा. हळू आलेलं नंतर वाढवता येतं, पण शून्याला धडकून फाटलेला सूर पुन्हा नीट होत नाही.

एकूण अकरा वेळा गायलो. शेवटी सातवा टेक, म्हणजे सातव्यांदा गायलेलं, ठेवला, अंतऱ्याची एक ओळ तेवढी नवव्यातून जोडली. ध्रुवपदाआधी घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. तो कापायला कर्सर नेला होता, पण राहू दिला.