खरेदी उणे, शेवटी ९६ पैसे

मार्चअखेरची गडबड. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून हिशेबनिसांचा फोन आला, "सर, सूत खरेदीचं खातं उणे दाखवतंय. लवकर या."

स्क्रीनवर एकूण खरेदी −२,१४,६९,८३२.९६. आदल्या संध्याकाळची बेरीज २,१४,६१,५९०.०० होती आणि सकाळी १८,२५० रुपयांचं एकच बिल चढवलेलं. बिलं एकेक करून तपासली, सगळी ठीक. नजर अडकली ती ९६ पैशांवर. इथं प्रत्येक बिल राउंड ऑफ करून पूर्ण रुपयात बसवतात. मग हे पैसे आले कुठून?

प्रोग्राम रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवत होता. पद्धत योग्यच आहे, अपूर्णांकात ठेवली की बेरजेत पैशापैशाचा फरक पडतो. पण बेरजेचा पूर्णांक ३२ बिटांचा होता. म्हणजे ० किंवा १ मावणारी ३२ घरं, त्यातलं एक अधिक-उणे चिन्हासाठी. उरलेल्या ३१ घरांत १ भरला की होतात २,१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. त्यात एक पैसा मिळवा, हातचा घराघरातून सरकत चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. परिणामी खऱ्या बेरजेतून २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६, वजा होतो. त्याचे शेवटचे दोन अंक ९६. खरी बेरीज २,१४,७९,८४० रुपये, तीही ताडून पाहिली, जुळली. खरेदी ४ कोटी २९ लाख ४९ हजारांच्या पुढे गेली असती, तर आकडा पुन्हा अधिक दिसला असता, शेवटी ०४ पैसे घेऊन. ती चूक पकडणं फार अवघड.

३१ घरांत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या, २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, मूळ संख्या आहे. गणितज्ञ ऑयलरनं १७७२ मध्ये ते कागदावर दाखवलं. तिला मूळ संख्येनं भाग जायचाच असेल, तर त्या भाजकाला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी, आणि तपास तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच पुरतो. म्हणजे उमेदवार उरतात ३७३, त्यातले मूळ नसलेलेही गळतात. इतकी मोठी संख्या आणि इतकं थोडं काम! मला हे आजही सुंदर वाटतं.

दुरुस्ती करताना आधी बॅकअप घेतला. मग बेरजेचा कॉलम ६४ बिटांचा केला. एवढ्यावर थांबलं की फसगत होते, कारण छापील रिपोर्ट वेगळ्या व्हेरिएबलमध्ये बेरीज करतो. तोही बदलला. साठवलेली शिल्लक उणेच राहते, म्हणून सगळ्या बिलांवरून ती नव्यानं काढली.

बिलाची वेळही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, तशाच ३२ घरांत होती. ती घरं १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतात, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. तो कॉलमही त्याच दुपारी बदलून टाकला.